ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ओंडके चढवणारी हायड्रॉलिक विंच कशी बसवावी

बांधावरचा साग किंवा परसातला म्हातारा आंबा पाडणे हे तुलनेने सोपे काम आहे. खरी कसोटी लागते ती ओंडका ट्रॉलीत चढवताना. चार-पाच ओंडक्यांसाठी क्रेन बोलावणे परवडत नाही आणि माणसांच्या खांद्यावर एवढा भार घालणे धोक्याचे असते. 45 ते 50 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि दणकट सांगाड्याची जुनी ट्रॉली हाताशी असेल, तर गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात हायड्रॉलिक विंच, म्हणजे तेलाच्या दाबाने ड्रमवर दोर गुंडाळून भार ओढणारे यंत्र, बसवून घेता येते. मात्र भंगारात स्वस्त मिळालेली हायड्रॉलिक मोटर आधी आणायची आणि तिच्याभोवती बाकीचे जमवायचे, हा नेहमीचा क्रम सोडून द्यावा. आधी ओंडक्याचे वजन, त्यावरून लागणारी ओढ, ओढीवरून दोर आणि ड्रम, आणि सर्वांत शेवटी मोटर, असा हिशेब करावा. भार आवाक्याबाहेर गेला, तर दोर तुटण्याच्या किंवा सांगाडा वाकण्याच्या कितीतरी आधी तेलाचा रिलीफ व्हॉल्व्ह (ठरलेल्या दाबाला तेल सोडून देणारी झडप) उघडून विंच जागीच थांबली पाहिजे, हे या बांधणीचे मुख्य सूत्र आहे.

ओंडक्याच्या मध्यावरचा घेर मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला लांबीने गुणावे आणि 12.57 ने भागावे, म्हणजे घनमीटर मिळतात. 2 मीटर घेराचा, 3 मीटर लांबीचा आंब्याचा ओंडका या हिशेबाने सुमारे 0.95 घनमीटर भरतो. ओले लाकूड पाण्याइतके जड धरले, तर त्याचे वजन साडेनऊशे किलोच्या आसपास जाते. बाभूळ किंवा खैर असेल तर त्याहून जास्त धरावे. 30 अंशांच्या उतारावरून हा ओंडका घासत वर ओढायचा, तर चढ आणि घर्षण मिळून जवळजवळ त्याच्या वजनाइतकीच ओढ लागते. चिखलात रुतलेला ओंडका हलवताना ती आणखी वाढते, म्हणून दीड टन ओढ धरून पुढचा हिशेब केला आहे.

दीड टनासाठी 12 मिलिमीटर जाडीचा, पोलादी गाभ्याचा वायर रोप घ्यावा. चांगल्या प्रतीच्या अशा नव्या दोराची तुटण्याची मर्यादा साधारण 9 टन असते, म्हणजे सहापट सुरक्षितता मिळते. ड्रमसाठी 8 इंची जाड पाइप सोयीचा पडतो. त्याचा बाहेरचा व्यास 219 मिलिमीटर, म्हणजे दोराच्या जाडीच्या अठरा पट असल्यामुळे दोर कडक वळणाने मोडत नाही. ड्रमची रुंदी 300 मिलिमीटर ठेवल्यास 30 मीटर दोर दोन थरांत बसतो. दोर कितीही सोडला, तरी ड्रमवर निदान पाच वेढे शिल्लक राहिलेच पाहिजेत, कारण भार हे वेढे पेलतात, टोकाची पकड नव्हे. दुसऱ्या थरावर ओढ थोडी घटून पावणेचौदाशे किलोपर्यंत येते, हेही लक्षात असू द्यावे.

पहिल्या थरावर दीड टन ओढण्यासाठी ड्रमला सुमारे 1700 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, लागतो. तीसास एक प्रमाणाच्या वर्म गिअरबॉक्समध्ये (मळसूत्रासारख्या दांड्याने दातेरी चाक फिरवणाऱ्या) बरीच शक्ती घर्षणात जाते. कार्यक्षमता 65 टक्के धरली, तर मोटरकडून 87 न्यूटन-मीटर हवेत. 50 सीसीची ऑर्बिट मोटर 135 बारच्या आसपास तेवढा टॉर्क देते आणि मिनिटाला 30 लिटर तेल मिळाले, तर दोर मिनिटाला साधारण 13 मीटर वेगाने गुंडाळते. याहून जास्त वेगाचा मोह धरू नये. रिलीफ व्हॉल्व्ह याच 135 बारला लावावा आणि त्याच्या शेजारी प्रेशर गेज असलाच पाहिजे.

तेल कोठून घ्यायचे, याचा निर्णय कामाच्या प्रमाणावर ठरतो. पुष्कळ ट्रॅक्टरांवर टिपिंग ट्रॉलीसाठी दिलेली जोडणी एकेरी असते, म्हणजे त्याच पाइपाने तेल जाते आणि त्यानेच परत येते. मोटरला मात्र दाबाची आणि परतीची अशा दोन स्वतंत्र वाटा लागतात. दुहेरी जोडणी असेल आणि काम अधूनमधून असेल, तर ट्रॅक्टरचेच तेल वापरावे, पण परतीच्या वाटेवर फिल्टर बसवावा. नाहीतर जुन्या मोटरमधला लोखंडी चुरा थेट ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सपर्यंत पोहोचतो. रोजचे काम असेल, तर पीटीओवर (ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या शाफ्टवर) चालणारा गिअर पंप आणि 60 ते 90 लिटरची वेगळी टाकी हाच चांगला मार्ग आहे. दोन्ही प्रकारांत कंट्रोल व्हॉल्व्हची दांडी स्प्रिंगने आपोआप मध्यावर येणारी घ्यावी, म्हणजे हात सुटताच विंच थांबते. वर्म गिअर उलटा फिरत नाही, ही समजूत तीसास एक प्रमाणाला भरवशाने लागू पडत नाही. हादऱ्यांनी तो सरकतो. म्हणून ड्रमच्या कडेला दातेरी चक्र आणि खटका बसवावा.

विंच ट्रॉलीच्या पुढच्या टोकाला, सांगाड्याच्या दोन्ही मुख्य चॅनेलवर आडव्या टाकलेल्या 100 मिलिमीटरच्या चॅनेलवर बसवावी. गिअरबॉक्सचे अंग बिडाचे असते, म्हणून त्याला वेल्डिंग न करता 12 मिलिमीटर जाडीच्या प्लेटवर बोल्टने आवळावे. ड्रमच्या दुसऱ्या टोकाला स्वतंत्र बेअरिंग द्यावे, नाहीतर सगळा भार गिअरबॉक्सच्या शाफ्टवर येतो. फाळके काढून त्यांच्या जागी दोन्ही बाजूंना काढता येणारे मजबूत खुंटे बसवावेत. ड्रायव्हर आणि विंच यांच्यामध्ये जाड जाळीची चौकट हवीच, कारण ताणलेला दोर तुटला तर त्याचे टोक नेमके त्याच दिशेने झेपावते.

दोन चाकी ट्रॉलीत मागून ओंडका चढवताना एक धोका हमखास दुर्लक्षिला जातो. ओंडक्याचा भार आसाच्या मागे असेपर्यंत ट्रॉलीची दांडी वर उचलली जाते आणि ट्रॅक्टरची मागची चाके हलकी होतात. त्यासाठी मागच्या दोन्ही कोपऱ्यांखाली जमिनीला टेकणारे स्क्रूचे टेकू द्यावेत आणि चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. भरून झाल्यावर वजनाचा मध्य आसाच्या थोडा पुढे राहील, अशा रीतीने ओंडके रचावेत.

फार जड ओंडका बाजूने गडगडत चढवावा, आणि माझ्या मते ही पद्धत घासत ओढण्यापेक्षा कितीतरी बरी. ट्रॉलीच्या कडेला दोन तिरके चॅनेल हुकांनी अडकवावेत. दोन दोरांची टोके त्याच कडेला बांधून, ते ओंडक्याखालून नेऊन वरून परत आणावेत आणि पलीकडच्या कडेवरच्या कप्पीतून विंचकडे वळवावेत. ओंडकाच फिरत्या कप्पीसारखा वागतो, त्यामुळे 30 अंशांच्या चढावर वजनाच्या चौथ्या हिश्श्याहून थोडीच जास्त ओढ पुरते. ओंडका निमुळता असेल, तर जाड टोक पुढे धावते. ते लांब दांड्याने मागे रोखावे, हाताने नव्हे.

दोराच्या टोकाला गाठ मारू नये. थिंबल (फासाच्या आत बसणारी खोबणीची धातूची कडी) घालून फास करावा, तीन यू-क्लॅम्प लावावेत आणि प्रत्येक क्लॅम्पची खोगीर भाराच्या बाजूच्या दोरावर, तर यू बोल्ट मोकळ्या शेपटावर येईल याची खात्री करावी. होज पाइप झिरपतो असे वाटल्यास त्यावरून हात न फिरवता पुठ्ठ्याचा तुकडा धरून पाहावा. 135 बारचे तेल सुईच्या छिद्रातूनही कातडीत शिरते आणि तसे झाल्यास थेट रुग्णालय गाठावे लागते.

ट्रॉलीच्या मूळ रचनेत बदल करण्यापूर्वी आरटीओकडे चौकशी करावी, कारण मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 मध्ये नोंदणीकृत वाहनातील बदलांवर बंधने आहेत. महाराष्ट्रात झाड स्वतःच्या शेतातले असले, तरी सागासारख्या जातींना तोडीची परवानगी आणि वन विभागाचा वाहतूक परवाना लागतो.

चाचणी घेताना रिलीफ व्हॉल्व्ह आधी 60 बारला ठेवावा, दोर एखाद्या जाड, मुळासकट घट्ट असलेल्या बुंध्याला अडकवावा आणि विंच अडून थांबते का ते पाहावे. मग माणसे दोराच्या रेषेपासून दूर ठेवून दाब थोडा थोडा वाढवत 135 बारपर्यंत न्यावा, दर टप्प्याला वेल्डिंगच्या सांध्यांची तपासणी करावी आणि पहिला पूर्ण भार पडून गेल्यावर यू-क्लॅम्पचे सर्व नट पुन्हा एकदा आवळावेत, कारण ताणाने दोर थोडा बारीक होतो आणि ते सैल पडतात.