वजन उतरायच्या आधी हाडांची तयारी

वजन कमी करायच्या ऑपरेशनची तारीख ठरली की घरात याद्या सुरू होतात. विम्याचे कागद, आधार कार्डाच्या झेरॉक्स, कोल्हापूर की हुबळी की पुणे, सोबत कोण राहणार, मुलांच्या डब्याचं काय. हाडांचं नाव त्यात नसतं, कारण तेव्हा ती दुखत नसतात. बायपासनंतर (पोट लहान करून आतड्याचा काही भाग वगळतात तो प्रकार) मात्र हाडांची घनता घटते, सगळ्यात जास्त खुब्याजवळ, आणि काटा एका जागी थांबल्यावरही ही घट चालूच राहते. फ्रॅक्चरचा वाढलेला धोका दिसायला काही वर्षं जातात. स्लीव्हमध्ये (फक्त पोटाचा मोठा भाग कापून काढतात, आतडं तसंच राहतं) हे प्रकरण त्यामानाने सौम्य, तरी सोडून देण्याजोगं नाही.

पहिलं काम रक्ताचं, आणि ते ऑपरेशनच्या आधी. ड जीवनसत्त्व (रिपोर्टवर २५-हायड्रॉक्सी असं असतं), पीटीएच (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, बी-१२, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा). जास्त वजन असलेल्या माणसाचं ड बहुधा आधीपासूनच कमी असतं. ते चरबीत अडकून बसतं, रक्तात कमी दिसतं. कमी आलं तर डॉक्टर ६०,००० युनिटची आठवड्याची पुडी किंवा कॅप्सूल काही आठवडे देतात. हा खड्डा आधी भरून घ्यावा, मागाहून भरणं अवघड जातं. यातली पीटीएच ही तपासणी महाग म्हणून गाळली जाते. ती गाळू देऊ नका. आतड्यातून कॅल्शियम कमी यायला लागलं की पीटीएच वाढतं आणि हाडातलं कॅल्शियम काढून रक्तात आणून सोडतं. मग रिपोर्टवर कॅल्शियम अगदी नॉर्मल, आणि घरचे सगळे खूश.

दुसरं, डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारा एक्स-रे. पाळी गेलेल्या बायका, पन्नाशीपुढचे पुरुष, पूर्वी साध्या पडण्यानं हाड मोडलेले, बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलेले, यांनी तरी ऑपरेशनआधी करून घ्यावा आणि दोनेक वर्षांनी पुन्हा. अपॉइंटमेंट घेताना फोनवरच विचारा, टेबल किती किलोपर्यंत चालतं. जुन्या मशिनांना मर्यादा असते. चिक्कोडी-निपाणीहून बस पकडून जायचं आणि तिथून परत फिरायचं, हा ताप कशाला? टेबल चालत नसेल तर मनगटाजवळच्या हाडाचा स्कॅन होतो का, तेही विचारून ठेवा. पुढचा स्कॅन शक्यतो त्याच मशिनवर करा. एक बेळगावचा आणि एक पुण्याचा रिपोर्ट शेजारी ठेवून तुलना करणं फसवं असतं.

आता गोळ्या. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. स्लीव्ह किंवा बायपास झालेल्याला जेवण आणि गोळ्या मिळून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. हा आकडा निव्वळ कॅल्शियमचा, म्हणजे पाकिटावर ज्याला एलिमेंटल म्हणतात त्याचा. स्ट्रिप उलटी करा, चष्मा लावा आणि बारीक अक्षरं वाचा. कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम असेल तर आत एलिमेंटल ५००. कॅल्शियम सायट्रेट १००० असेल तर आत जेमतेम २१०. पुढच्या बाजूला मोठ्या टायपात १००० बघून ‘एका गोळीत भागलं’ असं धरून चालणारी माणसं कमी नाहीत. मग सायट्रेटच का? कार्बोनेट विरघळायला पोटातलं ॲसिड लागतं. इथे पोटच लहान झालेलं, वर ॲसिडिटीची गोळी चालू. सायट्रेटला ॲसिडची तेवढी गरज लागत नाही. आमच्या वहिनींना गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकलवाल्यानं सायट्रेट संपलंय म्हणून दुसरी स्ट्रिप पुढे केली, “हे पण कॅल्शियमच की वो अक्का, स्वस्त पण हाय.” स्वस्त होतं खरं, आणि कार्बोनेट होतं. दोन महिन्यांचा साठा आधीच सांगून मागवून ठेवलात की हा संवाद टळतो.

एका वेळी ५००-६०० मिलिग्रॅमच्या वर अंगी लागत नाही, म्हणून दिवसातून दोन-तीनदा विभागून घ्यायचं. लोहाची गोळी आणि कॅल्शियम यांच्यात किमान दोन तास हवेत, थायरॉइडची गोळी असेल तर तिच्यात आणि कॅल्शियममध्ये चार. एक वेळापत्रक असं बसतं: उठल्याउठल्या थायरॉइड, साडेदहाच्या सुमाराला कॅल्शियम, दुपारी जेवणानंतर लोह (त्यावर लगेच चहा नको), संध्याकाळी पुन्हा कॅल्शियम, झोपताना तिसरं. फ्रिजच्या दारावर चिकटवा. पहिले काही आठवडे मोठी गोळी गिळवत नाही, तेव्हा चघळायची किंवा पातळ औषध लिहून मागा. ड जीवनसत्त्व याच्या जोडीला, साधारण रोज ३००० युनिट, रक्तातली पातळी ३० नॅनोग्रॅमच्या (दर मिलिलिटरला) वर राहील असं. तुमचा डोस रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतील. आणि हे सगळं जन्मभराचं. वर्षभरात वजन उतरलं, आता कशाला गोळ्या, असं म्हणणारे नातेवाईक प्रत्येक घरात एक तरी असतात.

स्वयंपाकघराबद्दल थोडं कडू बोलतो. ‘आमच्यात नाचणी रोज असते, कॅल्शियमची काळजी नाही’ हे ऑपरेशननंतर चालत नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं हे खरं, पण शंभर ग्रॅमची भाकरी आता जाणार कुठे? वाटीभर आंबील जाते, तीही दोन वेळा थांबून. ती जरूर घ्या, फक्त हिशेबात मोठी धरू नका. ताटात आधी प्रथिनं, मग उरली जागा तर भाकरी. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिनं हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दही, पनीर, मासे, डाळ आणि बहुतेकांना पावडर असं सगळं जोडावं लागतं. दूध सोसत नसेल तर दही-ताक बहुधा सोसतं. बेळगावी कुंद्याचं, त्या खव्याच्या मिठाईचं, मात्र विसरा, निदान बायपासवाल्यांनी. पाहुणे डबा घेऊन येणारच, पण एवढी साखर आतड्यात एकदम उतरली की घाम, धडधड, जुलाब.

चालण्याला आमच्या बेळगावात टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो आहे, किल्ला तलाव आहे, ते कुणाला सांगायला नको. हाडांना त्याहून जास्त लागतो तो स्नायूंचा ताण: रबरी पट्टा, हलके डंबेल, खुर्चीतून हात न टेकता उठणं, जिने. शरीराचं ओझं कमी झालं की हाडांवरचा भारही कमी होतो आणि हाड आळसावतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की सुरू करा. खानापूर, जांबोटी, कणकुंबी भागातल्यांनी पावसाळ्याआधी अंगणातलं आणि न्हाणीच्या वाटेवरचं शेवाळ खरवडून घ्यावं. सूर्य महिनाभर दिसत नाही, ड त्याच्या भरवशावर सोडता येत नाही, आणि त्या शेवाळावर एक पाय घसरला की खुबाच.

कागदांची फाइल एकच ठेवा. ऑपरेशन परगावी झालेलं, पुढची दुखणी इथल्या डॉक्टरांकडे. ‘पोटाचं ऑपरेशन झालंय’ एवढं सांगून भागत नाही. स्लीव्ह, बायपास की मिनी बायपास, आणि किती आतडं वळवलं, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पहिल्या वर्षी तीन ते सहा महिन्यांनी रक्त, पुढे दर वर्षी. ती तारीख कालनिर्णयावर आत्ताच टाका. ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या, पायात वारंवार गोळे, जमिनीवरून उठताना मांड्या साथ न देणं, पाठीत अचानक कळ, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट पाहू नका. उलट्या थांबेनात तर तो वेगळाच विषय आहे, बी-१ जीवनसत्त्व झपाट्यानं खालावतं, त्यासाठी त्याच दिवशी दवाखाना.

आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनानं दोन गोष्टी. बायपास झालेल्यानं दुखण्याच्या गोळ्या, आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक जातीच्या, स्वतःच्या मनानं घ्यायच्या नाहीत, पोट आणि आतडं जिथे जोडलंय तिथे अल्सर होतो. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालं तर अलेंड्रोनेटसारखी आठवड्याची गोळीही याच कारणानं शक्यतो टाळतात आणि शिरेतून झोलेड्रोनिक ॲसिड देतात. त्याआधी ड आणि कॅल्शियम भरलेलं असावं लागतं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम धाडकन खाली येतं. कुणी ‘आजच देऊन टाकू’ म्हणालं, तर ड चा शेवटचा रिपोर्ट किती जुना आहे ते आधी फाइल उघडून दाखवा.