टीझर आल्यापासून झोप उडालीय? पहिल्या एपिसोडपर्यंत असं करा

ज्या पुस्तकावर आपण दहा-बारा वर्षं जीव लावलाय त्याची सिरीज येणार म्हटलं की पहिले दोन दिवस नुसता आनंद असतो, मग पहिला फोटो येतो आणि पोटात गोळा. हे कपडे असे का, केस असे कोणी केले, पोस्टरवर माझं आवडतं पात्र कुठंय, आणि सगळ्यात वाईट म्हंजे सहा-सहा महिने काहीच येत नाही तेव्हा तर वाटायला लागतं की ज्यांनी पैसे घातलेत त्यांनाच यात राम वाटत नाहीये. मी यातून दोनदा पुरती गेलेय, एकदा द व्हील ऑफ टाइम या जादूच्या जगातल्या कादंबऱ्यांवरच्या सिरीजच्या वेळी आणि एकदा टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्स'च्या जगातल्या द रिंग्स ऑफ पॉवरच्या वेळी, आणि आता हॅरी पॉटरची नवी सिरीज बनतेय म्हणून माझी भाची तेच सगळं करतेय. 'हॅरी पॉटर आणि परीस' मराठीतून वाचून मोठी झालेली पोरगी, जुलै २०२५ मधे क्लॅपरबोर्ड हातात धरलेल्या नव्या हॅरीचा तो एक फोटो आला तर रात्री अकराला मला फोन, मावशी आता काय होणार गं. तिला जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

आधी एक गोष्ट मनात पक्की करा, मार्केटिंग आपल्यासाठी नसतं. आपण तर बघणारच आहोत, शिव्या घालत का होईना पण पहिल्या दिवशी बघणार, हे त्यांना माहितीये. टीझर बनतो तो ज्याने पुस्तकाचं नावही ऐकलेलं नाही त्याच्यासाठी. म्हणून त्यात घोडे, आग, तलवारी, राक्षस आणि कुणीतरी कड्यावर उभं, एवढंच असतं, आणि तुम्ही जो शेकोटीजवळचा साधा संवाद वीस वेळा वाचलाय तो त्यात नसतो. तो सिरीजमधूनही गेलाय असा अर्थ लगेच काढू नका.

मग करायचं काय, तर एक वही घ्या, खरंच घ्या, फोनमधल्या नोट्सपेक्षा वही बरी, आणि पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे मार्केटिंगवाल्यांनी ठरवलेल्या गोष्टी, उजवीकडे सिरीज बनवणाऱ्यांनी ठरवलेल्या. पोस्टर, टॅगलाइन, ट्रेलरचं संगीत, कुठली बातमी कधी सोडायची, हे सगळं डावीकडे. लेखक कोण, एपिसोड किती, कास्टिंग, कपडे, शूटिंग कुठे, पुस्तकातला कुठला भाग गाळला, हे उजवीकडे. धाकधूक करायची तर फक्त उजव्या बाजूची करा. ट्रेलर कापणारी मंडळी बहुतेक वेळा वेगळीच असतात, त्यांच्या हातात व्हीएफएक्स, म्हंजे कॉम्प्युटरवरची दृश्यं, अर्धवट असलेले शॉट येतात, संगीत भलतीकडचं असतं, आणि एका सीनमधलं वाक्य दुसऱ्याच सीनवर चढवलेलं असतं, म्हंजे ज्या वाक्यावर तुम्ही रात्रभर भांडताय ते त्या चेहऱ्याने त्या प्रसंगात बोललेलंच नसतं कदाचित.

उदाहरण देते. ३ फेब्रुवारी २०२२ ला रिंग्स ऑफ पॉवरची २३ पोस्टरं आली आणि एकातही चेहरा नाही, नुसते हात आणि धड, एकात तुटक्या तलवारीची मूठ धरलेला हात. आमच्या ग्रुपवर रात्री दोनपर्यंत भांडण, अंगठ्या किती मोजा, हा हात कोणाचा, चेहरे लपवले म्हंजे कास्टिंगची लाज वाटतेय, एक मैत्रीण तर ग्रुप सोडून गेली. चेहरे का नाहीत हा पूर्णपणे डाव्या बाजूचा प्रश्न होता, उत्सुकता ताणायची एवढंच. त्याच्या दोनच आठवडे आधी, १९ जानेवारीला, नाव जाहीर करणारा व्हिडिओ आला होता, वितळलेला धातू साच्यात ओततात आणि अक्षरं तयार होतात असा. कितीतरी लोकांनी बघताबघता ठरवून टाकलं की हे कॉम्प्युटरवर केलंय, आणि तो खरा धातू होता, खराच ओतून शूट केलेला. आपली नजर त्या दिवसांत एवढी संशयाने भरलेली असते की खरंही खोटं दिसतं, म्हणून पहिल्या चोवीस तासांत काही पोस्ट करू नका, वहीत लिहा.

टीझर बघायचाच तर नीट बघा. एकदा आवाजासकट, एकदा आवाज बंद करून, मग कॉम्प्युटरवर यूट्यूब पॉज करून पूर्णविरामाचं बटण दाबत एकेक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाने मागे. आवाज बंद करून बघणं फार महत्त्वाचं आहे, कारण तो ढोलांचा दणदणाट गेला की मग दिसतं की कपडे वापरलेले वाटतात की दुकानातून आणलेले, गावात माणसं राहतात की नुसता सेट आहे. या गोष्टी उजव्या बाजूच्या. आणि मग बंद करा, चाळिसाव्यांदा बघून नवीन काही सापडत नाही, फक्त जीव जळतो.

आता उजव्या बाजूचं खरं काम, आणि हे ट्रेलरशिवाय होतं. एपिसोड किती आहेत ते शोधा आणि पुस्तकाच्या पानांना त्याने भागा. गेम ऑफ थ्रोन्सचं पहिलं पुस्तक पेपरबॅकमधे आठशे पानांच्या आसपास, एपिसोड १०, म्हंजे एका एपिसोडला ऐंशी पानं. व्हील ऑफ टाइमचं पहिलं पुस्तकही तेवढंच जाड, एपिसोड ८, म्हंजे शंभर पानं, आणि मुख्य मालिकेत एकूण १४ पुस्तकं. एवढा हिशोब २०२१ मधे शांतपणे केला असता तर मला आधीच कळलं असतं की पात्रं गाळली जाणार, प्रवास आखूड होणार, दोन प्रसंग एकत्र शिवले जाणार, आणि मग ते बघताना एवढं टोचलं नसतं. हा भागाकार आधी करून ठेवा, कुठला भाग जाऊ शकतो त्याची यादी स्वतःच करा, आणि ज्या तीन गोष्टी गेल्या तर तुमच्यासाठी ती गोष्टच उरत नाही त्या वेगळ्या लिहा. तीनच. माझ्या पहिल्या यादीत एकतीस होत्या, तसं करू नका.

आणि खरं संकट ट्रेलरमधे दिसतच नाही हे पण सांगते. व्हील ऑफ टाइमचं शूटिंग २०१९ च्या सप्टेंबरमधे चेक रिपब्लिकमधे सुरू झालं, मार्च २०२० मधे कोव्हिडमुळे थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा मॅट या पात्राचं काम करणारा बार्नी हॅरिस परत आलाच नाही. पाच मुख्य मुलामुलींपैकी एक नाही, आणि सीझन संपवायचा आहे, शेवटच्या दोन एपिसोडची कथा त्याच्याशिवाय लिहावी लागली. दुसऱ्या सीझनला तिथे डोनल फिन येणार हे सप्टेंबर २०२१ मधे कळलं, आणि त्याच महिन्यात आम्ही सगळे टीझरमधल्या कपड्यांच्या रंगावर भांडत होतो. शेवट तुटक का वाटला त्याचं मोठं कारण तिथे होतं, रंगात नव्हतं. म्हणून बातम्या वाचायच्या तर शूटिंगच्या वाचा, शोरनर, म्हंजे सिरीजची सगळी सूत्रं हातात असलेला माणूस, कोण, लेखकांनी आधी काय लिहिलंय, शूटिंग मधेच थांबलं का, कोणी सोडून गेलं का.

तशा बातमीनेही लगेच हातपाय गाळू नका मात्र. गेम ऑफ थ्रोन्सचा पहिला पायलट, म्हंजे नमुन्याचा एपिसोड, २००९ मधे शूट झाला आणि तो एवढा फसला की बहुतेक सगळा परत शूट केला, डेनेरिस आणि कॅटलिन या मुख्य पात्रांच्या नट्याही बदलल्या. तेव्हा ज्या फॅन्सनी ते वाचलं असेल त्यांना काय वाटलं असेल विचार करा. एप्रिल २०११ ला जे आलं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय.

शांततेचं टेन्शन वेगळंच असतं. व्हील ऑफ टाइमची घोषणा ऑक्टोबर २०१८ ची, टीझर २ सप्टेंबर २०२१ चा. मधली तीन वर्षं म्हंजे कधीतरी बुधवारी पाच-दहा सेकंदांचं काहीतरी टाकायचे, एखादी तलवार, एखादा खंजीर, आणि आम्ही त्यावर महिना काढायचो. मला पक्कं वाटत होतं की हे गपचूप गुंडाळणार. पण टीझरपासून सिरीजपर्यंत फक्त अडीच महिने लागले, १९ नोव्हेंबरला तीन एपिसोड हजर. जाहिरातीचे पैसे शेवटच्या दोन-तीन महिन्यांत ओततात, कारण आधी दाखवून उपयोग नाही, सामान्य प्रेक्षक विसरतो. तेव्हा तारीख जाहीर व्हायच्या आधीची शांतता मनावर घेऊ नका. तारीख जाहीर झालीय, सहा आठवडे उरलेत आणि तरी ट्रेलर नाही, तेव्हा काळजी करा, ती रास्त आहे.

तक्रार करायची नाही असं मी म्हणत नाहीये. करायचीच, पण नेमकी. ३१ ऑक्टोबर २०१८ ला द विचर या सिरीजचा नायक हेन्री कॅव्हिल याचा विगमधला कॅमेरा टेस्ट आला आणि लोक विगवर तुटून पडले, प्रत्यक्ष डिसेंबर २०१९ ला सिरीज आली तेव्हा तो पुष्कळ वेगळा, मळलेला, खरा दिसत होता. पण त्यातल्या निल्फगार्ड या शत्रूराज्याच्या सैन्याचं ते सुरकुतलेलं चिलखत सिरीजमधे खरंच वाईट होतं, लोकांनी का वाईट ते सांगितलं, आणि दुसऱ्या सीझनला ते बदललं. हे चिलखत सैनिकाचं वाटत नाही, असं बोललं की कोणीतरी ऐकू शकतं. सगळ्यांची माती केली, असं बोललं की कोण काय बदलणार.

आणि माणसांवर जायचं नाही, हे मी अगदी हात जोडून सांगते. पर्सी जॅक्सन या मुलांच्या पुस्तकांवरच्या सिरीजमधे अॅनाबेथसाठी लिआ जेफ्रीज या कृष्णवर्णीय मुलीची निवड मे २०२२ मधे जाहीर झाली, ती बारा वर्षांची होती, आणि पुस्तकात सोनेरी केस लिहिलेत म्हणून मोठमोठ्या माणसांनी त्या लेकराला इतकं छळलं की स्वतः लेखक रिक रिऑर्डनला काही दिवसांत जाहीरपणे लिहावं लागलं की हा वर्णद्वेष आहे, थांबवा. बारा वर्षांची मुलगी. आपल्या घरात त्या वयाची पोरं आहेत. तुमच्या ग्रुपवर असं काही आलं तर तिथेच थांबवा, गप्प बसू नका. तसंच तेच तेच वाक्य कॉपी करून कमेंटमधे ओतणं, रिंग्स ऑफ पॉवरच्या फेब्रुवारीतल्या टीझरखाली टॉल्किनच्या नावाने एकच वाक्य हजारो वेळा, वेगवेगळ्या भाषांत चिकटवलं गेलं, आणि ते वाक्य त्या शब्दांत टॉल्किनने लिहिलेलंच नाही. ज्या लेखकासाठी भांडतोय त्याच्याच तोंडी खोटं घालायचं, हे मला फार लागलं. कोणाचंही वाक्य पुढे पाठवण्याआधी पुस्तक उघडून बघा, लॉर्ड ऑफ द रिंग्सचं मराठीत 'स्वामी मुद्रिकांचा' आहे, मुग्धा कर्णिकांनी केलेला अनुवाद, तो उघडा.

आता जी भीती मला सगळ्यात खरी वाटते ती सांगते. वाईट मार्केटिंगपेक्षा कमी मार्केटिंग जास्त घातक. रिंग्स ऑफ पॉवरसाठी कलाकार थेट मुंबईत आले होते, ऑगस्ट २०२२ मधे इथे प्रीमियर झाला. व्हील ऑफ टाइमचा तिसरा सीझन, टीकाकारांनी तिन्हींमधे सगळ्यात जास्त नावाजलेला, २०२५ मधे आला तेव्हा माझ्या ऑफिसात एकालाही माहीत नव्हतं. मे महिन्यात सिरीज बंद. पिटीशनवर सह्या केल्या, पण बंद झाल्यावरची सही फार उशिराची असते. जे करायचं ते पहिल्या दोन आठवड्यांत. स्वतः लवकर बघा आणि सीझन अर्धवट सोडू नका, कारण किती जणांनी शेवटपर्यंत पाहिलं हे त्यांना दिसतं. आणि दोन माणसं आणा, दोनच, पण बरोबर बसून. लिंक पाठवून कोणी बघत नाही, शनिवारी घरी बोलवा, पोहे करा, पहिले दोन एपिसोड सलग लावा. मधेमधे पुस्तकात असं नव्हतं हे बोलायचं नाही, त्याने नवीन माणूस पळतो. घरात इंग्रजीची अडचण असेल तर आधीच डबिंग तपासून ठेवा, रिंग्स ऑफ पॉवर हिंदीत होती, मराठीत नव्हती, आईला मी हिंदीतून दाखवली.

जुन्या कव्हरचं पुस्तक हवं असेल तर मात्र आत्ताच घ्या. सिरीज आली की दुकानात नटांचे फोटो असलेल्या आवृत्त्या येतात, आणि आवडती जुनी चित्रं मग अप्पा बळवंत चौकात शोधत फिरावं लागतं.

आणि त्या दिवशी. रिंग्स ऑफ पॉवर आपल्याकडे २ सप्टेंबरला सकाळी साडेसहाला आली होती, मी ऑफिसच्या आधी पहिले दोन एपिसोड बघितले. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. संपल्यावर ग्रुप उघडायच्या आधी वही काढा आणि पाच ओळी लिहा, काय आवडलं, कुठे टोचलं, त्या तीन गोष्टींपैकी किती आल्या. मी लिहिलं होतं, डोंगराखालचं ते बुटक्यांचं शहर बघून रडू आलं. मग ग्रुप उघडला, तिथे चारशे मेसेज होते.