व्हॅनमधला फ्रिज पहाटे बंद का पडतो? गोव्यात फिरणाऱ्यांनी या चुका टाळा

मार्च महिना होता. पाळोळ्याजवळ एका ओळखीच्या घराच्या आवारात, माडांच्या सावलीत, आमची जुनी ओम्नी उभी होती. फ्रिजमध्ये दोन किलो बांगडे, दूध आणि दह्याचं भांडं. रात्री अकराला फ्रिजवर ४ अंश दिसत होते, म्हणून निवांत झोपलो. सकाळी आकडा १९ वर गेला होता आणि दुधाचं जे व्हायचं ते झालं होतं. चावी फिरवली तर स्टार्टरचा नुसता 'टक' असा आवाज. मासळीची पिकअप घेऊन निघालेल्या एका माणसाने जंपर लावून दिला. "काय मरे, रातभर दिवे लावून झोपलात?" त्याने हसत विचारलं. बांगडे माडाच्या मुळाशी पुरले. फ्रिजच खराब आहे असं मी दोन दिवस ठामपणे सांगत फिरलो.

फ्रिज अगदी ठीक होता. चूक मी जोडलेल्या वायरीत आणि मी न केलेल्या हिशोबात होती. त्यानंतर ओळखीतल्या चार-पाच व्हॅनवाल्यांचे फ्रिज तपासले, तिथेही जवळपास तीच कहाणी निघाली.

इंजिनच्या बॅटरीवर फ्रिज लावणं

मी केलेली पहिली चूक हीच. लायटरचं सॉकेट चावी काढली की बंद होतं, म्हणून मी इंजिनच्या बॅटरीवरून थेट वायर ओढली होती. स्टार्टरची बॅटरी काही सेकंद भरपूर करंट देण्यासाठी बनवलेली असते. तिच्या प्लेट पातळ असतात. रात्रभर थोडा थोडा करंट देत खाली जाणं तिला सोसत नाही. असं पाच-सात वेळा झालं की नवी बॅटरीही म्हातारी होते. त्यामुळे फ्रिजसाठी वेगळी बॅटरी हवीच. ती नसेल तर निदान फ्रिजवरचं बॅटरी प्रोटेक्शन (व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की फ्रिज बंद करणारी सोय) 'हाय'वर ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होण्यापुरतं तरी काही शिल्लक राहील. मी ते 'लो'वर ठेवलं होतं. कारण काय, तर फ्रिज जास्त वेळ चालावा!

घरच्या इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर बॅटरी व्हॅनमध्ये ठेवणारेही भेटतात. चालते ती, पण वजन पन्नास किलोच्या वर, आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. ज्या बंद जागेत माणसं झोपतात तिथे मी ती ठेवणार नाही.

डब्यावरचे वॅट वाचून हिशोब करणं

३५-४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना साधारण ४५ ते ६० वॅट घेतो. पण तो सतत चालत नाही, थंड झाला की थांबतो. त्यामुळे चोवीस तासांतला किती वेळ कॉम्प्रेसर चालतो यावर सगळं ठरतं. ४५ वॅट आणि निम्मा वेळ धरला तर दिवसाला ५४० वॅट-तास, म्हणजे १२ व्होल्टला ४५ एएच (अँपिअर-तास, बॅटरीतली वीज मोजायचं माप). थंड हवेच्या गावी हा आकडा बराच खाली येतो. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या, काचा बंद व्हॅनमध्ये ४५ अंश सहज होतात. तिथे कॉम्प्रेसर सत्तर टक्के वेळ चालला तर तोच फ्रिज ६३ एएच खातो. बाहेरच्या देशातल्या व्हिडिओत 'दिवसाला २० एएच पुरतं' असं कुणी सांगत असेल, तर त्याच्या अंगावरचं स्वेटर आधी पाहा.

आता बॅटरीकडे या. लेड-अॅसिड १०० एएच असली तरी तिच्यातले ५० एएचच वापरायचे, त्याखाली गेलात की आयुष्य घटतं. म्हणजे गोव्याच्या उन्हाळ्यात ती एक दिवससुद्धा पुरत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेट १०० एएचमधून ८०-९० निवांत मिळतात.

थर्मोइलेक्ट्रिक कूलर, म्हणजे स्वस्तातला 'कार फ्रिज', या हिशोबात बसतच नाही. तो बाहेरच्या हवेपेक्षा जेमतेम पंधरा-वीस अंश खाली जातो आणि चार-पाच अँपिअर अखंड खातो. व्हॅनमध्ये ४० अंश असतील तर आत वीसच्या आसपास. त्यात मासे ठेवू नका, बस.

बारीक वायर

सर्वाधिक फसवणारी चूक ही, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा बॅटरी पुढे आहे आणि फ्रिज मागच्या दरवाज्याशी. वायर पाच मीटर. करंट जातो आणि परत येतो, म्हणून तांब्याची लांबी दहा मीटर धरायची. बॅटरीवाल्याने घरगुती फिटिंगची उरलेली १.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली. तिचा रोध साधारण ०.११५ ओहम. फ्रिज ५ अँपिअर घेताना वाटेतच ०.५७ व्होल्ट गळतात. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट क्षणभर दुप्पट झाला, तर एक व्होल्टाहून जास्त. लेड-अॅसिड बॅटरी निम्मी भरलेली असताना १२.२ व्होल्ट दाखवते. त्यातून हे वजा करा: फ्रिजपाशी ११.६, आणि सुरू होताना ११. फ्रिजचं प्रोटेक्शन 'हाय'वर असेल तर तो म्हणतो बॅटरी संपली, आणि बंद होतो. बॅटरीत निम्मा माल शिल्लक असतो!

आणखी एक खोच आहे. बंद पडल्यावर तो लगेच सुरू होत नाही, व्होल्टेज ठरावीक पातळीपर्यंत वर चढल्यावरच होतो. म्हणून पहाटे बंद पडलेला फ्रिज गाडी सुरू केल्याबरोबर गुणी बाळासारखा चालू होतो, आणि दुकानात नेला की काहीच दोष सापडत नाही.

त्याच जागी ६ चौरस मिलिमीटरची वायर टाकली की गळती ०.१४ व्होल्टवर येते. खर्च काही शे रुपयांचा. आम्ही हजारोंचा फ्रिज घेतो आणि वायरीत घासाघीस करतो.

तपासणी सोपी आहे. साधा मल्टिमीटर घ्या. कॉम्प्रेसर चालू असताना आधी बॅटरीच्या टोकांवर व्होल्टेज बघा, मग लगेच फ्रिजच्या प्लगपाशी. फरक अर्ध्या व्होल्टाहून जास्त असेल तर फ्रिजला शिव्या देणं थांबवा. कॉम्प्रेसर बंद असताना मोजू नका. करंट वाहत नसला की सगळ्याच वायरी चांगल्या दिसतात.

वायर जाड असूनही फरक येत असेल तर सांधे बघा. लायटरचा प्लग हा मुख्य संशयित. आतली स्प्रिंग सैल होते, खड्ड्यांत प्लग हलतो, टोक तापतं. अर्ध्या तासाने प्लग हाताला गरम लागला तर तिथेच वीज जळते आहे. मी ते सॉकेट काढून अँडरसन कनेक्टर (घट्ट बसणारा, जास्त करंट सोसणारा जोड) लावला. दुसरा संशयित म्हणजे बॉडीला दिलेली अर्थ. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत बोल्टाखालचा रंग आणि गंज दोन पावसाळ्यांत अडसर होतात, तांब्याची उघडी टोकं हिरवी पडतात. फ्रिजची निगेटिव्ह वायर बॉडीवर न टाकता सरळ बॅटरीपर्यंत न्या, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) नीट क्रिम्प करून, म्हणजे दाबून बसवून घ्या (नुसती पिळून टेप गुंडाळू नका), वरून व्हॅसलिनचा हात. कथिलाचा मुलामा असलेली वायर मिळाली तर किनारपट्टीवर ती चांगली. आणि फ्यूज बॅटरीला लागूनच हवा. फ्रिजपाशी लावलेला फ्यूज फ्रिज वाचवेल, पण वाटेत वायर घासून शॉर्ट झाली तर व्हॅन वाचवणार नाही.

'गाडी चालवली की चार्ज होईल'

होईल, पण गोव्यात तुम्ही चालवता किती? उत्तरेच्या टोकापासून दक्षिणेच्या टोकापर्यंत राज्य जेमतेम शंभर-सव्वाशे किलोमीटर. सकाळी हरमलहून निघून म्हापशाला शुक्रवारचा बाजार केला आणि दुपारी डिचोलीला पोचलो, की दिवसाचं ड्रायव्हिंग संपलं. डीसी-टू-डीसी चार्जर (गाडी चालू असताना फ्रिजची बॅटरी भरणारं यंत्र) २० अँपिअरचा धरा: तासाभरात २० एएच मिळतात. फ्रिजने तेवढ्याच दिवसात ४५ खाल्लेले असतात. रोज निदान सव्वादोन तास इंजिन चालल्याशिवाय हा हिशोब जुळत नाही. कोल्हापूर-बेळगावकडून चोर्ला घाटाने येताना बॅटरी भरलेली असते, आणि खाली उतरून तीन दिवस राहिलं की रोज थोडी थोडी बुडत जाते. म्हणून फ्रिज नेहमी तिसऱ्या रात्री 'बिघडतो'.

चार्जर न लावता दोन बॅटऱ्या रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) एकत्र जोडणारे आहेत. लिथियमला तसं करू नका. ती भुकेल्यासारखी करंट ओढते, आणि ओम्नीसारख्या लहान गाडीचा लहान अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा) तापून जातो. नव्या बीएस-६ गाड्यांतल्या बऱ्याच अल्टरनेटरचं व्होल्टेज गाडीचा संगणक वर-खाली करतो, तिथे तर डीसी-टू-डीसी चार्जर लागतोच.

राहिलं ऊन. कोरड्या महिन्यांत छतावर आडवं टाकलेलं १०० वॅटचं पॅनेल चांगल्या दिवशी ४०० वॅट-तासांच्या आसपास देतं. पॅनेल स्वतः साठ अंशांवर तापलं की त्यातले दहा-बारा टक्के जातात. पण खरा घोळ माडाचा. आपण गाडी सावलीत लावतो, कारण फ्रिजला आणि आपल्याला गारवा हवा. आणि झावळीची एक पट्टी पॅनेलवर पडली की निम्मं उत्पादन जातं, कारण आतले सेल एका माळेत जोडलेले असतात. गारवा हवा तर वीज नाही, वीज हवी तर गारवा नाही. यावर उपाय एकच सापडला: घडीचं पॅनेल आणि दहा मीटर जाड वायर. गाडी सावलीत, पॅनेल अंगणात. दर दोन तासांनी उठून फिरवायचं, आळशी माणसाचं काम नव्हे.

पावसाळ्यात हेही धरू नका. जून ते सप्टेंबर उत्पादन बरंच खाली येतं, आणि सलग झडीच्या दिवसांत जवळपास काहीच नाही. तेव्हा मुक्कामाच्या घरी विचारून २३० व्होल्टवर चार्जर लावायचा आणि त्यांना विजेचे पैसे द्यायचे. फ्रिज १२ व्होल्टचा असताना तो इन्व्हर्टरमधून २३० करून चालवणं मात्र टाळा. दहा-वीस टक्के तिथेच जातात, शिवाय इन्व्हर्टर रिकामा बसला तरी खातच असतो.

पॉवर स्टेशन (बॅटरी आणि इन्व्हर्टर एकत्र असलेला उचलून नेता येणारा डबा) वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. त्यात बहुधा इको मोड असतो. कॉम्प्रेसर थांबला की त्याला वाटतं काही जोडलेलं नाही, आणि तो १२ व्होल्टचं पोर्ट बंद करतो. फ्रिज पुन्हा सुरू व्हायला वीजच नसते. एका मित्राने या कारणासाठी फ्रिज दोनदा दुरुस्तीला पाठवला होता. इको मोड बंद करा.

फ्रिजवर उगाच भार टाकणं

दुपारी बाजारातून आणलेल्या कोमट पाण्याच्या दहा बाटल्या, लिटर-लिटरच्या, एकदम आत. ३२ अंशांवरून ४ अंशांवर आणायला त्यातून सुमारे ३२५ वॅट-तास उष्णता काढावी लागते. छोट्या कॉम्प्रेसरला त्यासाठी २००-२५० वॅट-तास वीज लागते, म्हणजे जवळपास २० एएच, निव्वळ पाणी गार करायला. निघायच्या आदल्या रात्री घरच्या विजेवर फ्रिज आणि सामान दोन्ही गार करून घ्या. माशांसाठी जेट्टीवर बर्फ मिळतो, मालीमला मिळतो, शापोऱ्याला मिळतो. थर्माकोलच्या पेटीत बर्फावर मासे एक दिवस उत्तम राहतात, आणि फ्रिज उणे पंधरावर न्यावा लागत नाही.

फ्रिजला श्वास घ्यायला जागा हवी. जाळीच्या बाजूला दहा सेंटिमीटर तरी मोकळे ठेवा, गाद्या-चादरी चेपू नका. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, त्यामुळे सीटमागची सोयीची जागा सर्वांत तापट. मी फ्रिज मागे हलवला आणि कॉम्प्रेसरचं चालणं कानाला जाणवेल इतकं कमी झालं. दमट हवेत झाकण वारंवार उघडलं की आत बर्फाचा थर चढतो. झाकणाच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढा, सहज सुटून आली तर तिथून हवा जाते.

तरीही चालत नसेल तर

अनेक फ्रिजवर ई-१ किंवा एफ-१ म्हणजे कमी व्होल्टेज. तुमच्या मॅन्युअलमध्ये खात्री करा. डॅनफॉस किंवा सिकॉपचा कॉम्प्रेसर असेल तर त्याच्या कंट्रोलरला लहान एलईडी जोडता येतो. तो एकदा लुकलुकला तर बॅटरीचं व्होल्टेज, दोनदा तर पंखा जास्त करंट घेतोय, तीनदा तर मोटर सुरू झाली नाही, चारदा तर वेग पुरेसा नाही, पाचदा तर कंट्रोलर तापला. एक आणि पाच आल्यास दुकानात जायची गरज बहुतेक वेळा नसते, वायर आणि वारा बघा. फ्रिज आडवा पडून प्रवास झाला असेल तर काही तास सरळ उभा ठेवून मगच चालू करा.

लिथियम बॅटरीत व्होल्टेज बघून काही कळत नाही. ९० टक्क्यांना आणि ४० टक्क्यांना ती १३.२ च्या आसपासच दाखवते, आणि मग एकदम कोसळते. शंटवाला मॉनिटर लावा, किती एएच गेले ते तो मोजतो.

आमच्या ओम्नीत आता १०० एएच लिथियम, २० अँपिअरचा चार्जर, १०० वॅटचं घडीचं पॅनेल आणि ६ चौरस मिलिमीटरची वायर आहे. मार्चात चार रात्री निघतात. जून-जुलैत ऊन नसतं, पण १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते. तेव्हा फ्रिजमध्ये दूध आणि सोलकढीची बाटली, तापमान ६ वर, आणि तीही रात्र निघते.