ओपनस्ट्रीटमॅपवर हॉटेल, टपरी, परमिट रूम टाकताना कुठला टॅग लावायचा

ओपनस्ट्रीटमॅप (ओएसएम) म्हणजे लोकांनीच भरलेला, कुणालाही वापरता येणारा नकाशा. त्यावर आपल्याकडची गावं भरताना सगळ्यात जास्त गोंधळ खायच्या-प्यायच्या ठिकाणांचा होतो. पाटीवर हॉटेल लिहिलंय म्हणून लोक टुरिझम=हॉटेल हा टॅग (जागा कसली आहे ते सांगणारी खूण) टाकून मोकळे होतात, पण तो टॅग राहायची सोय असेल तरच, त्यामुळे पाटी सोडा आणि आत काय चालतं ते बघा. (टॅग इंग्रजीतच टाईप करायचेत, इथे देवनागरीत लिहितेय.)

आधी बसायचं. वेटर टेबलावर येऊन ऑर्डर घेतो का? मग अमेनिटी=रेस्टॉरंट, उडुपी असो नाहीतर खानावळ. काउंटरवर पैसे भरून आपणच प्लेट उचलायची असेल तर अमेनिटी=फास्ट_फूड, वडापावची गाडी पण यातच, तिला स्ट्रीट_व्हेंडर=येस जोडा. अमृततुल्य, इराणी म्हणजे अमेनिटी=कॅफे. आत बाकडी असतील तर इनडोअर_सीटिंग=येस, बाहेर खुर्च्या मांडल्या असतील तर आउटडोअर_सीटिंग=येस, आणि उभ्यानेच खायचं असेल तर दोन्हीला नो टाका, प्लीज टाकाच, कारण गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन निघालेल्याला नेमकं तेच कळायला हवं असतं आणि रिकामा टॅग त्याला काहीच सांगत नाही.

पार्सल सोपंय. मिळत असेल तर टेकअवे=येस, पोळीभाजी केंद्रासारखं फक्त पार्सल असेल तर टेकअवे=ओन्ली.

आता दारू, इथे नीट लक्ष द्या. आपल्याकडच्या वाइन शॉपमध्ये व्हिस्की, रम, बिअर सगळं मिळतं, त्यामुळे शॉप=वाइन चुकीचं, शॉप=अल्कोहोल बरोबर. बिअर शॉपीला पण तेच. तिथून बाटली घेऊन जायचं असतं, बसून प्यायचं नसतं, म्हणून ते अमेनिटी नाही, दुकान आहे. परमिट रूमचं मात्र आत डोकावून ठरवा. एका बाजूला फॅमिली सेक्शन आहे, लोक थाळी, तंदुरी जेवतायत आणि पलीकडे एसीत पेग चाललेत, तर ते रेस्टॉरंट, सोबत बार=येस. पण टेबलाटेबलावर क्वार्टर, सोडा आणि शेंगदाण्याचा चखणा एवढंच दिसत असेल तर सरळ अमेनिटी=बार. हा फरक बारीक वाटतो, पण लहान मुलं घेऊन रात्री हायवेवर जेवायला जागा शोधणाऱ्यांना तुमच्या एका टॅगमुळे भलत्याच ठिकाणी उतरावं लागतं.

गोव्यातली गावातली छोटी तावेर्न पण बारच. बीचवरचा शॅक म्हणजे रेस्टॉरंट, बार=येस, आउटडोअर_सीटिंग=येस, आणि पावसाळ्यात शॅक काढून ठेवतात तर ओपनिंग_अवर्समध्ये महिने पण लिहा.

शुद्ध शाकाहारी असेल तर डाएट:व्हेजिटेरियन=ओन्ली टाका, येस नाही, येस म्हणजे व्हेजही मिळतं एवढंच. आणि गूगल मॅप्सवरून बघून काही कॉपी करू नका, लायसन्समध्ये बसत नाही, स्वतः बघितलेलंच टाका. बाहेरून अंदाज येत नसेल तर तिथे मॅपवर नोट टाकून ठेवा, त्या भागातला कुणीतरी मॅपर जाऊन बघेल.