उद्घाटनाच्या आधी वही उघडा

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखान्यात घडी खात्यात होते. माग दिवसभर खडखडायचे, पण मागावरून उतरलेल्या कापडाला वडील चादर म्हणत नसत. टेबलावर पसरून, उजेडात धरून, पास होऊन घडी पडली की मग ती चादर. बाकीचं सेकंड. पुढे मी 30 वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, पण मोजायला शिकले ती त्या टेबलापाशी.

हल्ली विद्यापीठाभोवती 'नवोपक्रम परिसर' उभा करायच्या बैठकांना मला बोलावतात. इमारतीचा नकाशा आणि बोधचिन्ह आधीच ठरलेलं असतं. परिसराचा उपयोग झाला की नाही हे मोजायचं कसं, हा विषय शेवटी, चहा झाल्यावर, निम्मी माणसं उठून गेल्यावर येतो. म्हणून एकदा नीट लिहून ठेवते. उदाहरणासाठी, असा परिसर आपल्या केगावला, सोलापूर विद्यापीठापाशी, करायचा ठरला, असं समजा.

पहिलं काम हद्द आखायचं. ब्रुकिंग्ज संस्थेच्या ब्रूस कॅट्झ आणि ज्युली वॅग्नर यांनी 2014 मध्ये अशा परिसरांवर जो अहवाल लिहिला, त्यात संशोधन संस्था, कंपन्या, नवे उद्योग आणि राहती वस्ती एकमेकांपासून चालत जाण्याइतकी जवळ असावी, यावर भर आहे. बार्सिलोनात हे जमलं, कारण पोब्लेनोऊ हा जुन्या कापड गिरण्यांचाच भाग. 2000 साली तिथल्या सुमारे 200 हेक्टरांसाठी '22 अ‍ॅट' योजना मंजूर झाली आणि पुढे एका जुन्या गिरणीत पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठाचं आवार आलं. हे वाचून 1877 सालची आपली जुनी मिल आठवली नाही, असा सोलापूरकर मिळायचा नाही. पण आपलं विद्यापीठ 2004 साली स्थापन झालं, ते गावाबाहेर, पुणे रस्त्याला. डाळिंब संशोधन केंद्र तिकडेच, चिंचोळी एमआयडीसी त्याच रस्त्याला पुढे. यंत्रमाग मात्र गावाच्या दुसऱ्या अंगाला, अक्कलकोट रोडला. तेव्हा नकाशावर दोन रेषा मारा: केगाव ते चिंचोळी ही आतली, अख्खा जिल्हा ही बाहेरची. प्रत्येक आकडा दोन्हींसाठी वेगळा लिहा. नाहीतर गावातल्या साखर पेठेतला धंदा केगावला हलला की 'एक नवा उद्योग' म्हणून नोंद होते, आणि जिल्ह्याच्या पदरात काहीच पडलेलं नसतं.

दुसरं, फीत कापायच्या आधीची नोंद. आज इथे किती उद्योग चालू आहेत, किती माणसं कामाला आहेत, त्यांना पगार काय, प्राध्यापकांनी गेल्या वर्षी किती कारखान्यांचं काम पैसे घेऊन केलं, कॉट बेसिसवर खोलीचं भाडं काय. हे आजच लिहिलं नाही तर पाच वर्षांनी कुणालाही आठवणार नाही, आणि न आठवलेला भूतकाळ नेहमी सोयीचा निघतो.

माझीच चूक सांगते. एका संस्थेच्या अहवालासाठी मी 14 स्टार्टअप मोजले. यादी त्यांनी दिली, मी तक्त्यात भरली, छान रंगीत आलेखही काढला. दोन वर्षांनी एका विद्यार्थ्याला गाडीवर पत्ते शोधायला पाठवलं. चार जागी कुलूप, एके ठिकाणी झेरॉक्सचं दुकान, आणि दोन पत्ते तर वसतिगृहाच्या एकाच खोलीचे. तेव्हापासून नियम केला की नोंदणी झाली म्हणजे उद्योग झाला, असं मानायचं नाही. सुरू झाल्यापासून तीन वर्षांनी दार उघडं असेल तरच मोजायचं. हे घरबसल्याही बरंचसं तपासता येतं. जीएसटी क्रमांक चालू आहे की रद्द, हे पोर्टलवर दिसतं. कंपनी असेल तर तिची स्थिती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर. भविष्यनिर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापना शोधली की कुठल्या महिन्यात किती कामगारांचे पैसे भरले तेही कळतं. मात्र तो कायदा साधारणपणे 20 माणसांपासून लागतो, त्यामुळे लहान उद्योग तिथे सापडणार नाहीत. त्यांच्यासाठी गाडी काढावीच लागते.

पेटंटचंही तसंच. अर्ज केला की पेपरात फोटो येतो. अर्ज 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतो, मंजुरी पुढची गोष्ट, वापर त्याहून पुढची. म्हणून तीन रकाने वेगळे ठेवा. वापराच्या रकान्यासाठी फॉर्म 27 बघा. पेटंट प्रत्यक्ष कामाला लागलंय की नाही, हे त्यात धारकाला कळवावं लागतं. आणि दरवर्षीची नूतनीकरणाची फी कुणी भरतंय का तेही बघा. ज्याच्यावर मालकच पैसे घालायला तयार नाही, ते सेकंडात टाका.

आता खरा अवघड भाग. परिसर नसता तरी हे झालंच असतं का? डाळिंबावरून सांगते. समजा, मोहोळच्या 40 बागायतदारांनी परिसरातून सल्ला घेतला आणि त्या वर्षी त्यांच्याकडे तेल्या, म्हणजे फळांवर डाग पाडणारा रोग, कमी आला. लगेच श्रेय घेऊ नका. तेल्या दमट, पावसाळी हवेत फोफावतो. पाऊसच कमी झाला असेल तर सल्ला न घेतलेल्यांच्या बागाही वाचल्या असणार. म्हणून त्याच भागातल्या, त्याच बहराच्या, सल्ला न घेतलेल्या बागा शेजारी ठेवून बघा. मृग बहराची बाग हस्त बहराशी ताडून चालणार नाही, दोन्हींचा हंगाम वेगळा. दोन्हीकडे आधीच्या वर्षी तेल्या किती होता आणि यंदा किती, हे घ्या. दोन्हींच्या घटीत जो फरक पडेल, तेवढाच तुमचा. इकडे 100 फळांमागे डागी फळं 30 वरून 18 वर आली आणि तिकडे 30 वरून 22 वर, तर तुमची कमाई 12 नाही, 4.

इथेही एक खोच आहे. सल्ला घ्यायला आधी येतो कोण? जो मुळातच बागेत जीव टाकून काम करतो तो. त्याचं भलं तुमच्याशिवायही झालं असतं. यावर मला सापडलेला सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे प्रतीक्षा यादी. जागा 40 आणि अर्ज 90 आले तर चिठ्ठ्या टाका. राहिलेल्या 50 जणांना पुढच्या वर्षी घ्या, आणि यंदा त्यांचीच बाग तुलनेला धरा. हौस दोघांचीही सारखीच. चिठ्ठ्या टाकायच्या म्हटलं की समितीतल्या एक-दोघांचे चेहरे उतरतात, कारण मग ओळखीपाळखीने आत घेता येत नाही. तो फायदा वेगळा.

कार्यशाळा किती झाल्या, किती जण आले, किती करारांवर सह्या झाल्या, हे एका ओळीत लिहा आणि पुढे चला.

माणसांची जोडणी मोजायला मात्र वेळ द्या. 'तुमचं नेटवर्क वाढलं का?' असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. त्यापेक्षा विचारा, 'गेल्या सहा महिन्यांत काम अडलं तेव्हा कुणाकुणाला फोन केलात? पाच नावं सांगा.' पूर्व भागात पुष्कळ विणकरांची घरची भाषा तेलुगू, तिथे हे तेलुगूतून विचारणारं कुणी सोबत न्या; मराठीत विचारलं तर मालक बोलतो, तेलुगूत विचारलं तर मागवालाही बोलतो. मी हे एकदा केलं तेव्हा सगळ्यात जास्त वेळा आलेलं नाव ना प्राध्यापकाचं होतं ना अधिकाऱ्याचं. ते एका सूत दलालाचं होतं. माग दुरुस्त करणारा एक जॉबर मला म्हणाला, "मॅडम, विद्यापीठ लांब आहे ओ. माग बंद पडला तर तिकडं कुठं जाणार?" त्याचं वाक्य मी जसंच्या तसं वहीत उतरवलं. पुढच्या मोजणीत त्याच्या पाच नावांत एखाद्या प्रयोगशाळेचं नाव आलं, तर तो परिणाम मी मान्य करीन.

नुकसानीचा रकानाही हवाच. कॉट बेसिसचं भाडं किती चढलं, कुठली खानावळ उठली, दर वाढल्यामुळे कोण जागा सोडून गेलं. आणि एक अस्सल सोलापुरी रकाना: उत्तीर्ण होऊन दोन वर्षांनी मुलंमुली कुठे आहेत? सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला गेलेली किती, इथेच राहिलेली किती, आणि जाऊन परत आलेली किती? मला तिसऱ्या आकड्यात सगळ्यात जास्त रस आहे. इथे राहिलेला नाइलाजानेही राहिलेला असू शकतो. परत येणारा मात्र काहीतरी बघून येतो.

वही कुणी लिहायची? परिसराच्या पगारावर नसलेल्याने. घडी खात्यातल्या माणसाला मीटरवर मजुरी दिली असती तर एकही चादर सेकंडात गेली नसती.

मोजणी दरवर्षी एकाच महिन्यात करा. थंडीच्या तोंडावर चादरीला मागणी असते, तेव्हा माग जास्त चालतात आणि माणसंही जास्त दिसतात. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, असतो, कुणी जागेवर सापडत नाही. मी फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरते, आणि दुपारी तीननंतर जाते, मालक जेवून आलेला असतो.