मोटारीचं पेट्रोल विमानात भरण्यापूर्वी

आधी कागदपत्रं बघा. इंजिन आणि विमान, दोन्हींना मोटारीच्या पेट्रोलची लेखी मान्यता हवी. टाक्या, नळ्या आणि पंप विमानाचे असतात, त्यामुळे इंजिनाची परवानगी पुरत नाही. रोटॅक्स ९१२ यूएल या हलक्या विमानांच्या इंजिनाला किमान ९० रॉन (ऑक्टेनचं एक माप) लागतो, ९१२ यूएलएसला ९५. पंपावरचा आकडा रॉन आहे की रॉन आणि मॉन (ऑक्टेनचं दुसरं माप) यांची सरासरी, हेही पाहा. सरासरीचा ९१ म्हणजे साधारण ९५ रॉन.

मग इथेनॉलची चाचणी. ती प्रत्येक नव्या खेपेला करायची, टाळायची नाही. खुणा असलेल्या काचेच्या नळीत १० मिली पाणी घ्या, वर ९० मिली पेट्रोल ओता, बूच लावून हलवा आणि स्थिर होऊ द्या. पाण्याची पातळी १० च्या वर चढली तर इथेनॉल आहे. बऱ्याच मान्यतांमध्ये ते अजिबात चालत नाही. इथेनॉल पाणी धरून ठेवतं; उंचावरच्या गारठ्यात ते पाण्यासह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, आणि इंजिनाकडे जाणारी नळी तिथूनच निघते. शिवाय जुनी रबरी सीलं आणि टाकीचं सीलंट खराब होतं.

ऑक्टेन जुळला की काम झालं असं अनेकांना वाटतं. खरा धोका बाष्पदाबाचा, म्हणजे इंधनाची किती सहज वाफ होते याचा आहे. एव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या पिस्टन इंजिनांसाठीच्या पेट्रोलचा बाष्पदाब ४९ किलोपास्कलपुढे जात नाही. हिवाळ्यासाठी बनवलेल्या पेट्रोलचा बराच जास्त असतो. असं पेट्रोल उन्हाळ्यात वापरलं तर नळीत वाफ अडकून इंजिन उपाशी राहतं. एक्झॉस्टजवळच्या नळ्यांना उष्णतारोधक आवरण आहे ना, बूस्ट पंप (इंधनाचा दाब वाढवणारा जादा पंप) चालतो ना, हे बघा. पंख खाली असलेल्या विमानात पंपाला इंधन वर ओढावं लागतं, तिथे जास्त जपा.

भरताना धातूचा कॅन वापरा आणि झाकण उघडण्याआधी कॅन व विमान तारेने जोडा. रॉकेलसारखा वास आला तर थांबा: जेट इंधन पिस्टन इंजिनात स्फोटक ज्वलन घडवून ते फोडतं. शंका असल्यास पांढऱ्या कागदावर थेंब टाका. तेलकट डाग उरला तर ते भरू नका. भरल्यावर पंधरा मिनिटं थांबून प्रत्येक ड्रेनमधून (तळाशी इंधन काढून बघायची झडप) नमुना काढा.

रोटॅक्सवर शिसंयुक्त एव्हगॅस ३० टक्क्यांहून जास्त वेळ वापरत असाल तर तेल दर २५ तासांनी बदला आणि पूर्ण सिंथेटिक तेल टाळा. त्यात शिशाचा गाळ नीट वाहून जात नाही. विमान काही महिने उभं राहणार असेल तर टाकीत एव्हगॅसच ठेवा, पेट्रोल लवकर शिळं होतं.

टाक्या स्वतंत्रपणे निवडता येत असतील तर पहिल्या उड्डाणाला एका टाकीत एव्हगॅस ठेवून त्यावरच उड्डाण घ्या, आणि पुरेशी उंची मिळाल्यावर धावपट्टीच्या टप्प्यात राहून दुसऱ्या टाकीवर जा.