टर्म प्रोजेक्टचा आराखडा तीनदा परत, चौथ्यांदा मंजूर: माझा अनुभव

बी.एड.चा टर्म प्रोजेक्ट, विषय 'मराठी अध्यापनात तंत्रज्ञान'. आराखडा दर वेळी एकाच शेऱ्यासह परत यायचा: 'यातून नक्की काय मोजणार?' मी आधी व्हिडिओ वाढवले, मग अ‍ॅप बदललं, मग 5 उद्दिष्टांची 8 केली. तिसऱ्यांदा फाईल हातात पडली तेव्हा रडूच आलं.

जमलं ते असं. साधनांची यादी आधी फाडली. गोव्यात डिचोलीतल्या सराव-शाळेत सातवीची एकच चूक धरली: 'च' आणि 'ज'चे दोन उच्चार. 'चार'मधला च वेगळा, 'चारा'मधला वेगळा. 'जरा' म्हणजे थोडं आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. अक्षरं तीच, ज वेगळा. मुलं (हिंदी कार्टूनची कृपा असावी) सगळीकडे एकच वाचतात. मग असे 20 शब्द काढले, पालकांची परवानगी घेतली, प्रत्येकाचं वाचन फोनवर रेकॉर्ड करून चुका मोजल्या. साधन त्यानंतर ठरलं: तोच रेकॉर्डर. रोज 5 मिनिटं मुलानं आपलं आणि माझं वाचन लागोपाठ ऐकायचं. 2 आठवड्यांनी तेच 20 शब्द पुन्हा.

वेळापत्रक सादरीकरणाच्या तारखेपासून उलटं लिहिलं. चवथीची (गणेश चतुर्थीची) सुट्टी आधीच खोडली, पुढचे 2 दिवसही. मुलांचं मन माटोळीखालीच, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या छताखालीच असतं.

फायलींना त्याच दिवशी नाव द्या: '14-आधी', '14-नंतर'. हजेरी क्रमांक पुरतो.